अळी एकाची, कोष दुसऱ्याचा

कीटक-भृंगाचा दृष्टांत कीर्तनात इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यात तपासून पाहण्यासारखं काही असेल असं मनातही येत नाही. भृंगी अळीला पकडून मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीपोटी रात्रंदिवस तिचंच ध्यान करते आणि त्या ध्यानाच्या बळावर एके दिवशी स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. उपदेश म्हणून ठीकच आहे. पण हा दृष्टांत ज्याने पहिल्यांदा दिला त्याची नजर तिखट होती. मातीचं घर, आत नेलेली अळी आणि बाहेर आलेली माशी या तिन्ही गोष्टी त्याने बरोबर पाहिल्या. मधलं तेवढं निसटलं, कारण ते भिंतीआड घडतं.

ही भृंगी म्हणजे मातीचं मडकं घडवणारी गांधीलमाशी, कुंभारीण. ती आधी रिकाम्या मडक्याच्या छताला बारीक धाग्याने एक अंडं टांगते. मग नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या एकेक करून आत भरते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या जिवंत, पण हलू न शकणाऱ्या अळ्या खातं, तिथेच कोषात जातं आणि पंख फुटले की माती फोडून बाहेर येतं. मुंबईत खिडकीच्या चौकटीत, मीटरच्या पेटीत, एसीच्या मागे हे मातीचे गोळे सर्रास सापडतात. त्यातल्या लांबट नळ्यांच्या जुडग्यात अळ्यांऐवजी कोळी भरलेले असतात. ती दुसरी कुंभारीण. आणि कधी त्याच घरातून मोरपंखी हिरव्यानिळ्या रंगाची, धातूसारखी चकाकणारी तिसरीच माशी निघते. तिने मडकं बांधलेलं नसतं, अळ्याही आणलेल्या नसतात. ती फक्त योग्य वेळी येऊन अंडं घालून गेलेली असते.

कुंभारीण शिकारीण आहे, कारण एका पिल्लासाठी ती अनेक भक्ष्यं गोळा करते. परजीवी गांधीलमाश्यांनी यातली बरीच मेहनत वाचवली आहे. घर बांधायचं नाही, ओझं वाहायचं नाही. यजमान, म्हणजे ज्याला खाऊन पिल्लू वाढणार तो किडा, जिथे बसला असेल तिथेच त्याच्या अंगावर किंवा अंगात अंडं घालायचं. पिल्लाची सगळी वाढ एकाच यजमानावर होते आणि यजमान शेवटी मरतो. उवा आणि जंत आपल्याला जिवंत ठेवून खातात, कोळी आयुष्यभर शेकडो जीव मारतो. या दोघांच्या मधली ही तऱ्हा. तिच्यासाठी फिनलंडच्या रॉयटर या कीटकशास्त्रज्ञाने १९१३ साली ‘पॅरासिटॉइड’ हा वेगळा शब्द केला. मराठीत तसा शब्द रुळला नाही. शेतीच्या पत्रकांत ‘परोपजीवी मित्रकीटक’ लिहितात, आणि बोलताना आपण उडणाऱ्या कशालाही माशी म्हणून मोकळे होतो. मधमाशी, फळमाशी, पांढरी माशी, गांधीलमाशी यांतल्या मधमाशी आणि गांधीलमाशी तेवढ्या एका गणातल्या. बाकी दोघी परक्या.

गांधीलमाशी म्हटलं की डसल्यावर सुजवणारी तांबडी-पिवळी डोळ्यांपुढे येते. परजीवी जातींतल्या बहुतेक १ ते ५ मिलिमीटरच्या असतात आणि त्यांची नळी आपल्या कातडीत शिरतही नाही. अपवाद एक लक्षात ठेवावा: पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटवर येणाऱ्या, सडपातळ, नारिंगी, लांब मिशांच्या माश्यांपैकी काही डसतात. त्यांना हाताने पकडू नये, पेला उपडा घालून बाहेर सोडावं. लहानपणाची हद्द पाहायची तर मेगाफ्राग्मा ही माशी पाहावी. लांबी जेमतेम ०.२ मिलिमीटर, पूर्णविरामाच्या टिंबाहूनही बारीक. सगळ्या चेतासंस्थेत मिळून सुमारे ७,४०० पेशी, आणि मोठी झाल्यावर त्यातल्या बहुतेक पेशींत केंद्रकही उरत नाही. एवढ्या भांडवलावर ती उडते, फुलकिड्यांनी पानाच्या आत घातलेली अंडी शोधते आणि त्यात आपलं अंडं घालते.

शोधते कशी, तर मुख्यतः वासाने. पान कुरतडलं जातं तेव्हा झाड विशिष्ट वायुरूप द्रव्यं सोडतं आणि त्यांचं मिश्रण कुरतडणाऱ्यानुसार बदलतं. कात्रीने कापलेल्या पानाचा वास वेगळा, अळीची लाळ लागलेल्या पानाचा वेगळा. मक्याच्या रोपांवर हे १९९० साली नीट दाखवलं गेलं. जवळ पोचल्यावर विष्ठेचा, पतंगाच्या पंखांवरच्या खवल्यांचा, रस शोषणारे किडे सोडतात त्या मधाळ चिकट्याचा वास कामी येतो. मग मिशांनी टकटक करून यजमान केवढा आहे, आत आधीच कुणी आहे का, याची चाचपणी होते. पुष्कळ जाती अंडं घातल्यावर यजमानावर स्वतःची खूण सोडतात, दुसरीने तिथे वेळ घालवू नये म्हणून. खूण नेहमीच पाळली जाते असं नाही. यजमान कमी असले की एकाच अंगात दोन-तीन अंडी पडतात आणि आतली पिल्लं एकमेकांना मारतात किंवा सगळीच उपाशी खुरटतात.

नांगी म्हणजे मुळात अंडी घालायची नळीच, म्हणून ती फक्त मादीला असते. पिल्लू नर व्हावं की मादी हेही मादीच्या हातात असतं. अंडं नळीतून सरकताना साठवलेलं शुक्र त्याला लावलं तर मादी, न लावलं तर नर. लहान यजमानात अन्न थोडं, म्हणून तिथे नर, मोठ्यात मादी. हे व्यवहारात फार महत्त्वाचं ठरतं. पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या पिठाने माखलेला, झाडाचा रस शोषणारा किडा. त्याच्यावरच्या माश्या वाढवणारे लोक घाई करून लहान ढेकूण देतात आणि पुढच्या पिढीत पेटीभर नर निघतात. तिसऱ्या पिढीला मग कोणी उरत नाही. दोष बियाण्याला दिला जातो, चूक वेळापत्रकाची असते.

अंडं आत गेल्यावर खरी मारामारी सुरू होते. अळीच्या रक्तातल्या पेशी परक्या अंड्याभोवती गोळा होऊन थरावर थर चढवतात, ते काळं पडतं आणि गुदमरून मरतं. यावर माश्यांनी दोन तोडगे काढले आहेत. पहिला सरळ आहे: विष देऊन अळीची वाढ तिथल्या तिथे थांबवायची आणि पिल्लाने बाहेरून भराभर खाऊन संपवायचं. दुसरा तोडगा मुरलेल्या मुत्सद्द्याचा. यजमानाला जगू द्यायचं, खाऊ द्यायचं, वाढू द्यायचं, आणि पिल्लाने आत बसून आधी चरबी, मग बाकीचं असं करत महत्त्वाचे अवयव शेवटपर्यंत राखायचे. त्यासाठी अळीची प्रतिकारशक्ती गप्प करावी लागते. कोटेशिया, अपँटेलेस वगैरे ब्रॅकोनिड माश्या ते काम विषाणूकडून करून घेतात. या विषाणूची जनुकं माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच मुरलेली आहेत. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी तिच्या पूर्वजांना झालेल्या लागणीची ती शिल्लक. त्याचे कण फक्त मादीच्या अंडाशयात तयार होतात आणि अंड्याबरोबर अळीत टोचले जातात. अळीत ते वाढत नाहीत, फक्त तिच्या रक्तपेशींना कामावरून काढतात. विषाणू कुणाचा आणि अवयव कुणाचा, हा प्रश्न इथे निरर्थक होऊन जातो.

भाजीबाजारात याचा पुरावा रोज येतो. नाशिककडचा कोबी किंवा फ्लॉवर सोलताना बाहेरच्या पानांच्या बेचक्यात तीनेक मिलिमीटरचा पांढरा रेशमी दाणा सापडला, तर तो चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीतून निघालेल्या कोटेशियाचा कोष असण्याची शक्यता मोठी. लोक त्याला अळीचं अंडं समजून चिरडतात. पतंगाची अंडी इतकी मोठी नसतात आणि त्यांच्यावर रेशीमही नसतं. एखाद्या अळीच्या पाठीवर असे पंधरा-वीस पांढरे दाणे उभे दिसले तर तेही कोषच. पिल्लं तिच्या अंगातून बाहेर येऊन तिथेच विणायला बसलेली.

आता गॅलरी. मुंबईत परजीवी माश्या पाहायला सर्वांत सोयीचं झाड म्हणजे जास्वंद, कारण तिच्यावर पिठ्या ढेकूण नसेल असं घर विरळा. ढेकूण कुठला आहे हे आधी ओळखावं. पाठीवर पिठाच्या थरात काळसर उघड्या ठिपक्यांच्या दोन ओळी दिसल्या तर तो फेनाकोकस सोलेनॉप्सिस, कपाशीवरचा. चिरडल्यावर गुलाबी रस निघाला आणि शेंडे मुरडून गुच्छ झाले असतील तर गुलाबी पिठ्या. अंग पिवळं, आणि स्पिरिटमध्ये टाकल्यावर निळं-काळं पडलं, तर पपईवरचा. प्रत्येकाची माशी वेगळी. पपईवरची माशी आणून कपाशीच्या ढेकणावर सोडली तर ती त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

कपाशीच्या पिठ्या ढेकणावर येणारी माशी एनेसियस. काळी, मादी साधारण २ मिलिमीटर, चालताना थांबून थांबून मिशा आपटणारी. २००९ साली ती भारतातून नवी जात म्हणून नोंदली गेली. पुढे अमेरिकेतून पूर्वीच नोंदलेल्या जातीशी ती एकच निघाली. म्हणजे ढेकूण अमेरिकेतून आला आणि त्याच्या मागोमाग माशीही, कुणी न बोलावता. तिने अंडं घातलेला ढेकूण काही दिवसांत पीठ गमावतो, फुगतो आणि तांबूस-तपकिरी, पिंपासारखा, कडक होतो. याला ममी म्हणतात. नखाने दाबली तर ती फुटते, चिरडत नाही. एका टोकाला गोल भोक असेल तर माशी निघून गेलेली. मुंबईच्या उकाड्यात अंड्यापासून माशीपर्यंत साधारण दोन आठवडे लागतात.

फवारा उचलण्याआधी दहा मिनिटं खर्च करावीत. भिंगाने तीन-चार फांद्यांवरचे शंभरेक मोठे ढेकूण मोजावेत आणि त्यात ममी किती ते पाहावं. माझा ठोकताळा असा आहे की चारातला एक ममी असेल तर काहीही फवारू नये, फक्त मुंग्या हटवाव्यात. मुंग्या चिकट्यासाठी ढेकणांची राखण करतात आणि माशी टेकली की तिला हुसकावतात. मुंग्या आहेत तोवर माशीचं गणित बसत नाही. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवण्याचा सल्ला बरेच देतात, तो मुंबईत नको, आठवड्याभरात त्यात डासांच्या अळ्या होतात. त्यापेक्षा खोडाभोवती दोन इंच रुंद चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीनचा जाड थर द्यावा. सालीवर थेट लावू नये, साल कुजते. धूळ बसली की थर बदलावा. आणि फांदी ग्रिलला किंवा शेजारच्या कुंडीला टेकत असेल तर छाटावी, नाहीतर पट्टीचा उपयोग शून्य. मुंग्या वरच्या वाटेने येतात.

ढेकूण फारच झाला असेल तर वाईट फांद्या कापाव्यात, पण त्या लगेच पिशवीत बांधून कचऱ्यात टाकू नयेत. चिमट्याने ममी उचलून रिकाम्या काडेपेटीत घालाव्यात, पेटीला सुईने चार-पाच मोठी भोकं पाडून ती झाडाला सावलीत बांधावी. जिवंत ढेकूण पेटीत येऊ देऊ नये. त्यांची नुकती जन्मलेली पिल्लं माशीहून बारीक असतात आणि त्याच भोकांतून बाहेर पडतात. आणखी एक चूक नेहमी होते. ढेकणांत एखादा मोठा, झिपरा, भराभर चालणारा पांढरा ‘ढेकूण’ दिसला तर तो क्रिप्टोलेमस या भुंग्याची अळी असतो. तो ढेकूण खातो. त्याला मारू नये.

निंबोळी तेल हे निरुपद्रवी आहे हा समज पुरता खरा नाही. लिटरमागे ५ मिली तेल आणि थोडा साबण असा फवारा ढेकणावर जसा थर धरतो तसाच माशीवरही धरतो, आणि ती बरीच नाजूक असते. ममीच्या आतलं पिल्लू बऱ्यापैकी बचावतं. म्हणून फवारायचंच असेल तर संध्याकाळी, फक्त लागण झालेल्या शेंड्यांवर, आणि ममी असलेली पानं वगळून. नर्सरीवाला देतो ती इमिडाक्लोप्रिडसारखी मुळांत ओतायची औषधं मात्र या कामात सर्वांत वाईट. औषध रसातून ढेकणात आणि ढेकणाच्या चिकट्यात उतरतं, आणि तो चिकटा हे माशीचं अन्न आहे. २०१९ साली स्पेनमधल्या संशोधनात असा चिकटा चाटून परजीवी माश्या मेल्याचं दाखवलं गेलं. झाडावर फवारलंच नाही म्हणून माश्या सुरक्षित, हा हिशेब तिथे मोडतो.

चिकटा नसेल तेव्हा त्यांना मध लागतो. साखर न मिळालेली माशी बहुधा दोन-तीन दिवसांत मरते, मिळाली तर आठवडे काढते आणि तेवढी जास्त अंडी घालते. तोंड आखूड असल्याने गुलाब-मोगरा तिच्या कामाचा नाही. उघडी, चपटी, बारीक फुलं हवीत. मसाल्याच्या डब्यातली बडीशेप, शेपू, धने पेरून कोथिंबीर खुडायचं थांबवावं आणि फुलोरा येऊ द्यावा. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडण्याची घाई करू नये. सकाळी आठ-नऊच्या उन्हात त्यांच्यावर जी चिलटं वाटतात त्यातली निम्मीशिम्मी याच कुळातली असतात.

पपईच्या पिठ्या ढेकणाची कहाणी मोठ्या मापाची आहे. मेक्सिको-मध्य अमेरिकेतला हा ढेकूण २००८ साली कोइमतूरला सापडला आणि दोन वर्षांत पपई, तुती, जास्वंद असं जे मिळेल ते पांढरं करत पसरला. २०१० साली बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेने प्यूर्टो रिकोहून तीन जातींच्या माश्या आणवल्या आणि विलगीकरणात तपासून सोडल्या. त्यातली असेरोफॅगस पपाये चांगलीच रुजली. काही महिन्यांत बागा सावरू लागल्या, आणि तिला पुन्हा पुन्हा सोडावं लागलं नाही. आजही पपईवर हा ढेकूण दिसतो, पण माशीही असते. जिथे तो उसळतो तिथे चौकशी केली तर बहुतेकदा आधी कडक फवारण्या झालेल्या असतात.

नारळावरची पांढरी चक्राकार माशी २०१६ साली तमिळनाडूतल्या पोल्लाचीत आली, तिचंही तसंच. पानाखाली पांढऱ्या चकल्या, खालच्या पानांवर काळी बुरशी, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घबराट. एन्कार्शिया ग्वादेलूपे ही परजीवी माशी तिच्याबरोबरच येऊन पसरली आहे. पान खाली उतरवून भिंगाने रिकामे कोष पाहावेत. पांढरी माशी स्वतः बाहेर पडली तर कोषाला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर असते. परजीवी निघाली असेल तर नेटकं गोल भोक. गोल भोकं बरीच दिसत असतील तर फवारणीवाल्याला परत पाठवावं. काळी बुरशी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निघते, तिने झाड मरत नाही.

स्वतः पाहायचं तर कढीपत्ता किंवा लिंबाच्या रोपावरची अळी बरणीत वाढवावी. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी आणि नंतर हिरवी होणारी, फुलपाखराची. अर्ध्या लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, तळाला टिश्यू पेपर, तोंडाला मलमल आणि रबर. मच्छरदाणीचं कापड चालणार नाही, हव्या त्या माश्या भोकातून पसार होतात. घट्ट झाकण तर नकोच. जून ते सप्टेंबर आत पाणी साचतं, एका रात्रीत बुरशी चढते आणि अळी परजीवीने मेली की बुरशीने हे कळत नाही. रोज विष्ठा काढावी, टिश्यू बदलावा, त्याच झाडाची ताजी पानं द्यावीत, पण धुऊन पुसून कोरडी. बरणीवर तारीख, झाड आणि जागा लिहावी. एका बरणीत एकच अळी. दोन ठेवल्या तर निघालेली माशी कुणातून निघाली याचं उत्तर मिळत नाही, आणि सगळा खटाटोप त्या उत्तरासाठीच आहे.

फुलपाखराचा कोष दोन-सव्वादोन आठवडे झाले तरी फुटत नसेल, गडद होत जड वाटत असेल तर फेकू नये. मोठं गोल भोक पाडून एकच काळी-पिवळी, जाड मांड्यांची माशी निघाली तर ती ब्रॅकिमेरिया. बारीक भोकातून डझनावारी हिरवट माश्या निघाल्या तर टेरोमॅलिड कुळातल्या. आणि अळीतून आधी रेशमी कोष निघाले, त्यातून काही माश्या पाच-सात दिवसांत आणि काही पुष्कळ उशिरा, वेगळ्याच रूपाच्या निघाल्या, तर उशिराच्यांकडे नीट पाहावं. त्या बहुधा परजीवीवरच्या परजीवी असतात, म्हणजे अळी खाणाऱ्याला खाणाऱ्या. पहिल्याच खेपेला निघालेल्या माशीला ‘ही अळीची शत्रू’ म्हणून जाहीर करण्यात तज्ज्ञही फसलेले आहेत.

नमुना ठेवायचा तर केमिस्टकडचं स्पिरिट आणि इंजेक्शनची रिकामी कुपी पुरते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून आत टाकावी. पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. फुलपाखरांवर जीव असणाऱ्यांना हे सगळं क्रूर वाटतं. वाटू द्यावं. पण अंडी वेचून घरात वाढवलेली शंभर टक्के फुलपाखरं बाहेर सोडणं हीही झाडांच्या बाजूने पाहिलं तर ढवळाढवळच.

ट्रायकोकार्ड गॅलरीसाठी मागवू नये. ते शेतासाठी आहे. तांदळावरच्या पाकोळीची १ सीसी, म्हणजे १८ ते २० हजार अंडी कार्डाला चिकटवून अतिनील दिव्याखाली निर्जीव करतात आणि ट्रायकोग्रामा या परजीवी माशीला देतात. तीन-चार दिवसांत ती काळी पडतात, आठव्या दिवसाच्या आसपास अर्ध्या मिलिमीटरच्या माश्या निघतात. पालघर-रायगडकडे किंवा गावी भात, भाजी असेल तर तिथे त्याचा खरा उपयोग. कार्ड कुरियरने आलं की आधी निघण्याची तारीख पाहावी आणि अंडी काळी आहेत का ते पाहावं. पिवळट राहिलेली जास्त असतील तर परत करावं. लगेच लावायचं नसेल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये कधीच नाही. पट्ट्या कापून संध्याकाळी किंवा सकाळी लवकर, पानाच्या खालच्या बाजूला, अंड्यांची बाजू पावसापासून वळवून टाचाव्यात. पीक पाहून हेक्टरी ५० हजार ते दीड लाख माश्या लागतात, आणि आठवड्याने पुन्हा सोडाव्या लागतात. ही माशी फक्त अंड्यांत अंडं घालते. अळ्या दिसू लागल्यावर कार्ड लावणं म्हणजे वरात गेल्यावर घोडा आणणं. कार्ड वाया जाण्याची बाकी कारणं साधी असतात: मुंग्या अंडी नेतात, किंवा शेजारच्या बांधावरून औषध उडत येतं.

गंमत अशी की ही कार्डं बनवणाऱ्यांचा मोठा शत्रू परजीवी माशीच आहे. पाकोळी वाढवायला पेटीत अडीच किलो भरडलेली बाजरी घेतात, आणि त्या पेटीत ब्रॅकॉन हेबेटर शिरली की पाकोळीच्या अळ्या लुळ्या पडत जातात. ब्रॅकॉन जितक्या अळ्यांवर अंडी घालते त्याहून कितीतरी जास्त नुसत्या डसून ठेवते. म्हणून दोन्ही कामं एका खोलीत कधी करत नाहीत. घरातल्या रवा-तांदळाच्या डब्यात जाळी होते ती याच पाकोळीची, आणि तिथेही ब्रॅकॉन येते. तांदळात मुंगीसारख्या दिसणाऱ्या, पंखवाल्या, २-३ मिलिमीटरच्या काळ्या माश्या दिसल्या तर त्या दाण्याच्या आतल्या पोरकिड्याच्या अळीवर आलेल्या असतात. दाणा भोकून त्या आत अंडं घालतात. त्यांच्या भरवशावर डबा सोडू नये. तांदूळ लहान पिशव्यांत आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावा आणि चाळून घ्यावा.

बाथरूमच्या खिडकीवर काळी, सेंटिमीटरभर लांबीची माशी बसून इवलंसं पोट झेंड्यासारखं वरखाली हलवत असेल तर ती इव्हानिया. डोळे निळसर. डसत नाही. मोठ्या तपकिरी झुरळाची अंड्यांची डबी शोधून ती आत एकच अंडं घालते आणि पिल्लू डबीतली चौदा-सोळा अंडी फस्त करतं. त्याच डबीवर अप्रोस्टोसेटस हॅगेनोवी नावाची बारीक माशीही येते. एका डबीतून तिच्या डझनावारी निघतात. स्वयंपाकघरातलं लहान जर्मन झुरळ मात्र डबी जवळजवळ अंडी फुटेपर्यंत अंगाला चिकटवून फिरतं, त्यामुळे इव्हानियाचा तिथे इलाज चालत नाही. तात्पर्य, गटाराच्या झुरळांसाठी डक्टमध्ये फवारा मारून आपण इव्हानियालाही मारतो. आत जेल लावणं त्यामानाने बरं.

त्याच झुरळावरची दुसरी माशी अँप्युलेक्स, हिरवी झळझळीत, मांड्या लाल. पहिला डंख छातीत, त्याने पुढचे पाय मिनिट-दोन मिनिटं लुळे. तेवढ्या वेळात दुसरा डंख नेमका डोक्यातल्या चेतागाठींत. मग झुरळ अर्धा तास स्वतःला साफ करत बसतं, हा विषातल्या डोपामिनचा परिणाम. पाय शाबूत असतात, पण स्वतःहून पळायची इच्छा गेलेली असते. माशी त्याच्या मिशा अर्ध्या कापते, उरलेली मिशी धरते आणि बैलाला वेसणीने न्यावं तसं बिळात नेते. पायाच्या मुळाशी अंडं चिकटवून तोंड खड्यांनी बंद.

एक झाड राहिलं, उंबर. राणीच्या बागेत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, आरेत, आणि जुन्या चाळींच्या मागेही ते आहे. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही कारण फुलं फळाच्या आत असतात. परागण करणारी बारीक माशी वरच्या छिद्रातून आत शिरते, पंख तुटतात, अंडी घालते आणि आतच मरते. काही दिवसांनी कच्च्या हिरव्या फळांवर बाहेरून बसलेल्या लांब शेपटीच्या माश्या दिसतात. ती शेपटी म्हणजे अंडनळी. अपोक्रिप्टा ही माशी केसाहून बारीक नळीने फळाची भिंत भोकून आतल्या पिल्लांपर्यंत पोचते. नळीच्या टोकाला दाते असतात आणि त्यांत जस्त असतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनात २०१४ साली दिसलं. म्हणून इतक्या वेळा भोकूनही टोक बोथट होत नाही. सकाळी दहाच्या सुमारास, हाताला लागतील अशा फांद्यांवर, मटारापेक्षा थोडी मोठी आणि टणक फळं पाहावीत. लाल मुंग्यांचं पानांचं घरटं असलेल्या फांदीवर वेळ घालवू नये, तिथे अपोक्रिप्टाला टेकू देत नाहीत. पिकायच्या बेतातलं एखादं फळ मलमल बांधलेल्या बरणीत ठेवलं की एक-दोन दिवसांत परागण करणाऱ्या आणि परजीवी, दोन्ही माश्या एकाच भोकातून बाहेर येतात. ते भोक परागण करणाऱ्या माशीच्या बिनपंखी नरांनी आतून कोरलेलं असतं.